जपून चालवलेली गाडी आणि धडगावचा घाट

आमच्या गाडीचं इंजिन संपलं आहे, हे मला नाशिकच्या एका वर्कशॉपमध्ये टाय लावलेल्या तरुणाने सांगितलं. त्याने बॉनेट उघडलं नव्हतं. डॅशबोर्डखाली एक वायर खोचली, टॅबलेटवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, टर्बो गेलाय. एवढ्या जुन्या गाडीत कशाला पैसे घालता?" टर्बो गेला म्हणजे नक्की काय झालं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "सिस्टिम तसं दाखवते." मी बत्तीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढली. "सिस्टिम तसं दाखवते" हे उत्तर मी स्वतः असंख्य लोकांच्या तोंडावर फेकलेलं आहे, त्यामुळे त्याचा खरा अर्थ मला कळतो. त्याचा अर्थ असतो, मला माहीत नाही आणि तुम्ही आता जा.

घरी आल्यावर मी वर्कशॉपला दोन पानी तक्रारपत्र लिहिलं. तोवर मुलाने, अनिरुद्धने, गाडीला गिऱ्हाईक शोधून ठेवलं होतं. "आई, सतरा वर्षं झाली. आणि तूही आता अडुसष्टची. कुठे जायचं असेल तर मला सांग, मी नेईन." अनिरुद्ध मला शेवटचं कुठे घेऊन गेला ते आठवायला मला बराच वेळ लागला. दवाखान्यात. मी त्याच्याशी सरळ करार केला. गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येणार होतं. तोवर मी गाडी घेऊन नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावला जाईन. घाट चढली तर गाडी राहील. नाही चढली तर किल्ली त्याच्या हातात देईन आणि उरलेलं आयुष्य मागच्या सीटवर बसेन. तो लगेच कबूल झाला. गाडी चढणार नाही याची त्याला एवढी खात्री होती, याचाच मला जास्त राग आला.

ज्यांच्याकडे अशी जुनी टर्बो डिझेल आहे त्यांच्यासाठी तिची कुंडली इथेच देते. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या काळातल्या बऱ्याच गाड्या एकमेकींच्या बहिणी शोभतील. पंधराशे सीसीच्या आतलं, चार सिलिंडरचं इंजिन. कॉमन रेल, म्हणजे चारही सिलिंडरना डिझेल एकाच नळीतून प्रचंड दाबाने पोचतं. ताकद शंभर घोड्यांच्या आसपास, आणि ती सगळी मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या पुढे. त्याच्या खाली गाडी गरीब गाईसारखी असते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारं छोटंसं चक्र, जे इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. माझ्या गाडीची तक्रार अशी होती की चढावर ती मेल्यासारखी व्हायची, मागून काळा धूर निघायचा आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. एवढं मला माहितीपुस्तकातून कळलं. सतरा वर्षं ते पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत व्यवस्थित जपून ठेवलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला नाशिक सोडलं. सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर करत साक्रीला हमरस्ता धरला. पुढे कोंडाईबारीचा घाट जाताना उताराचा आहे, त्यामुळे गाडीने माझी अब्रू राखली. विसरवाडीजवळ चहाला थांबले तर शेजारी एक जीप नुसतीच सुरू ठेवलेली, आत कुणी नाही. ड्रायव्हर बाकावर बसून भजी खात होता. मी त्याला विचारलं, "डिझेल फुकट मिळतं का इथे?" तो म्हणाला, "नई बा." आणि खात राहिला. मी माझी गाडी थांबताक्षणी बंद केली होती. आमच्या शाळेत सिस्टर अ‍ॅग्नेस खोलीबाहेर पडताना दिवा विसरणाऱ्या मुलीला अख्खा दिवस त्या बटणाखाली उभं करायच्या. ते वळण हाडात गेलेलं आहे.

नवापूर मी पहिल्यांदाच पाहिलं. गावात शिरताना कोंबड्यांनी भरलेले ट्रक आणि त्यांचा वास, दुकानांवर मराठीइतकीच गुजराती, आणि हॉटेलात अर्धे लोक सुरतेचे. माझी शाळेची मैत्रीण मार्था गावित इथून अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याच्या गावात राहते. आम्ही दोघी बोर्डिंगमध्ये सहा वर्षं एका बाकावर होतो. मी विम्यात गेले, ती नर्स झाली. तिची पहिली नेमणूक धडगावला होती, आणि चाळीस वर्षं ती मला म्हणत आली आहे की एकदा तिथे चल.

ती अंगणात उभी होती. मिठी वगैरे नंतर. आधी ती गाडीच्या मागे जाऊन आली.

"शालू, गाडी पांढरी आणि बंपर काळा, असा रंग मुद्दाम मारलाय?"

"धूर आहे तो."

"ते दिसतंय. मला वाटलं तू आगगाडीने येते आहेस."

जेवायला नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नागली खाऊन पोट जड होईल असं मला वाटलं होतं. झालं नाही. मार्थाच्या सुनेला भाकरीची कृती विचारली तर ती हसली आणि इथल्या डोंगरातल्या कोकणी बोलीत सासूला काहीतरी म्हणाली. मार्था म्हणाली, "ती विचारते, कृती कसली, पीठ आणि पाणी."

दुसऱ्या दिवशी मार्थाला शेजारी बसवून नंदुरबारला निघाले. रस्ता खांडबाऱ्यावरून जातो, बराचसा चांगला आहे, फक्त गावांजवळचे गतिरोधक कुणी तरी सूड म्हणून बांधले असावेत. खांडबाऱ्याचा बाजार भरला होता. पुढे एक चढ लागला. त्याला घाट म्हणणं हा घाटांचा अपमान ठरेल. तेवढ्यावर पिवळा दिवा लागला आणि गाडी चाळिशीच्या पुढे जाईना. जुन्या मोपेडवरचा एक माणूस आमच्याकडे वळून बघत पुढे गेला. मार्थाने त्या दिव्यावर बोट टेकवलं.

"धडगाव राहू दे," ती म्हणाली. "नंदुरबारला रशीदभाई आहे. आमच्या आरोग्य खात्याची जीप त्याच्या बापाने जिवंत ठेवली होती."

रशीदभाईंचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबट शेड. आजोबा विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे, वडील जीप, आणि हे काहीही, ज्यात डिझेल जातं. साठीचा, बारीक, पांढऱ्या दाढीचा माणूस. मी त्यांना टॅबलेटवरचा सगळा अहवाल वाचून दाखवायला लागले. त्यांनी हात वर केला आणि तिथल्या बोलीत म्हणाले,

"उघडाना पयले चालाडीसन दखाडा."

"तुम्ही चालवून बघा ना."

"मी नई. तुम्ही. गाडी तं तुम्हीच चालाडतस ना?"

हे मला नवीन होतं. गाडी आजारी, आणि डॉक्टर नातेवाइकाची नाडी बघणार. पुढे कळलं की त्यांची पद्धतच ती आहे. वडिलांपासून. गाडी आली की आधी मालकाला चालवायला लावायची आणि शेजारी गप्प बसायचं. बॉनेट त्यानंतर. आम्ही गावाबाहेर जाऊन आलो. वाटेत दोन्ही बाजूंना लाल मिरच्या वाळत घातलेल्या, एकरच्या एकर लाल, आणि हवेत असा झणका की खिडक्या बंद करूनही तिघंही शिंकत होतो. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने चालवलं, म्हणजे उत्तम. पस्तीसला चौथा गिअर, चाळीसला पाचवा. धक्का नाही, आवाज नाही. शेडपाशी आले, ब्रेक लावला, किल्ली फिरवली.

"ताई, हाई काय करं तुम्ही?"

"काय केलं? गाडी बंद केली."

"नेहमी अशीच बंद करतस? आल्या का लगेच?"

"अर्थात."

त्यांनी किल्लीकडे बोट केलं. "मंग माले उघडानी गरज नई. पण उघडस. तुम्हले दखाडाले."

पुढचा दीड दिवस मी त्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून काढला, आणि खरं सांगते, इतकी रमले नव्हते कुठे बऱ्याच वर्षांत. आधी त्यांनी एक लांब पेचकस इंजिनावर टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मलाही ऐकवलं. आत घरघर, टकटक आणि त्यामागे एक बारीक शीळ. ती शीळ म्हणजे टर्बो. मग टर्बोपासून निघणारा जाड रबरी पाइप माझ्या हातात धरायला दिला आणि गाडी रेस केली. पाइप फुगायला हवा होता. तो फुगला नाही, आणि खालच्या बाजूने माझ्या मनगटावर गार वारा आला. तिथे बोटभर चीर होती. वर्कशॉपच्या सिस्टिमला ती दिसली नव्हती, कारण सिस्टिम वाकून बघत नाही.

पण चीर हा छोटा गुन्हा. मोठा पुढे निघाला. इंजिन थोडासा धूर परत आत ओढून घेतं, प्रदूषण कमी व्हावं म्हणून. त्यासाठी एक व्हॉल्व्ह असतो. त्यांनी तो काढला. आतली नळी मनगटाएवढी हवी, तिच्यात माझी करंगळी जेमतेम गेली. बाकी सगळी काळी, डांबरासारखी काजळी. नंतर टर्बो उघडला. त्यात धुराची वाट कमी-जास्त करणाऱ्या छोट्या पात्या असतात. त्या काजळीने जागच्या जागी चिकटल्या होत्या. रशीदभाईंनी पेचकसाने खरवडलेली काजळी एका वर्तमानपत्रावर जमवली. मूठभर नव्हे, चांगली वाटीभर झाली.

"कुणी केलं हे?" मी विचारलं. माझा आवाज तक्रारपत्राच्या दुसऱ्या पानावर होता.

"तुम्ही."

मी म्हटलं, "ही गाडी मी कधी साठच्या वर नेलेली नाही. कधी ओढली नाही, कधी तापवली नाही. गाडीवर ओरखडा दाखवा एक."

"तेच तं व्हयनं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "हाई इंजिन पळाकरता बनाडेल शे. तुम्ही तिले झोपाडी ठेयेल शे."

मार्था मागून म्हणाली, "लाडाने लठ्ठ केलेलं पोर."

मग त्यांनी समजावलं, आणि ते मी इथे साध्या शब्दांत मांडते, कारण माझ्यासारखे जपणारे बरेच असतील. कमी फेऱ्यांवर वरचा गिअर टाकून गाडी ढकलत नेली की डिझेल नीट जळत नाही, काजळी होते. इंजिन कधी तीन हजार फेऱ्यांपर्यंत गेलंच नाही, तर धुराला ती काजळी उडवून लावण्याएवढी गरमी आणि जोर येत नाही. पात्या हलल्या नाहीत की चिकटतात. संगणकाला हवेचा दाब चुकीचा वाटतो, तो पिवळा दिवा लावून गाडीची ताकद कापतो. आणि गाडी थांबताक्षणी बंद करणं हे सगळ्यात वाईट. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेत असतं. इंजिन बंद केलं की त्याला मिळणारं तेल त्याच क्षणी थांबतं, चक्र मात्र फिरतच असतं, कोरडं आणि तापलेलं. उरलेलं तेल आत जळून कोळसा होतं. घाट चढून आल्यावर तीन-एक मिनिटं तरी इंजिन नुसतं चालू ठेवायचं. तेव्हा मला विसरवाडीचा भजीवाला ड्रायव्हर आठवला. मी त्याला डिझेलवरून सुनावलं होतं, आणि तो गाडीला श्वास घेऊ देत होता.

मला वाईट वाटलं का? आधी राग आला. रशीदभाईंचा, वर्कशॉपचा, सिस्टर अ‍ॅग्नेसचा. मग मी ती वाटीभर काजळी बराच वेळ बघत बसले. सतरा वर्षं मी दर रविवारी जी गाडी स्वतः पुसली, ती आतून मी स्वतःच बुजवली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं साफ होऊन जागेवर बसलं. नवा पाइप, नवं तेल, इंजेक्टरखालची तांब्याची वायसरं. टर्बोचं चक्र त्यांनी दोन बोटांत धरून हलवलं आणि मलाही हलवायला लावलं. किंचित, अगदी किंचित लटपटत होतं.

"दांडीले ढिल शे. ते साफ करीसन जानार नई. एक साल चाली, का तीन. माले सांगता येत नई."

"घाट चढेल का?"

"चढी. तुम्ही चढू देशात तं."

खर्च नव्या टर्बोच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. नंदुरबारला लॉज हजाराच्या आत स्वच्छ मिळतं. गरम पाणी सकाळी एक तासच येतं आणि तो तास कोणता हे ते सांगत नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी तापी ओलांडून तळोदा. डिझेल इथेच भरून घ्या, वर पंपाच्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात या बाजूने जाऊ नये, दरडी येतात. कोठारपर्यंत रस्ता सपाट, आणि मग चांदसैलीचा घाट सुरू होतो. रस्ता अरुंद, वळणं हाताच्या कोपरासारखी, आणि समोरून माणसं टपापर्यंत भरलेल्या जीप. होळी आठवड्यावर आली होती, सगळा डोंगर बाजाराला निघाला होता. पळस फुललेला आहे हे मार्थाने मला सांगितलं. मी रस्त्याशिवाय काही पाहिलं नाही.

तिसरा गिअर, फेऱ्यांचा काटा अडीच हजारांवर, पाय खाली. इंजिन ओरडत होतं. सतरा वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता आणि प्रत्येक क्षणी वाटत होतं, मी काहीतरी मोडते आहे. पण गाडी जात होती. खरंच जात होती, पाठीत कुणी हात लावल्यासारखी. चार वळणं अशी गेली. पाचव्याला दरी अगदी माझ्या बाजूला आली आणि माझा पाय आपोआप वर आला. हात आपोआप चौथ्या गिअरवर गेला. काटा पडला, गाडी घुसमटली, काळा ढग मागे गेला आणि पिवळा दिवा लागला. आम्ही चढावर उभ्या, आणि मागे एक भरलेली जीप.

मला वाटलं, संपलं. मागची सीट.

जीपचा ड्रायव्हर उतरून आला. पंचविशीचा असेल, गळ्यात लाल रुमाल. टपावरून एका म्हातारीने पावरी बोलीत काहीतरी ओरडून विचारलं आणि सगळी जीप हसली.

"काय म्हणते ती?" मी मार्थाला विचारलं.

"विचारते, गाडी आजारी आहे की बाई."

ड्रायव्हरने खिडकीतून डॅशबोर्ड पाहिला. "मावशी, हँडब्रेक ओढा. बंद करा. पूर्ण बंद, दिवा जायला एवढं लागतंच. दहापर्यंत मोजा, आणि परत चालू करा."

मी दहा मोजले. चालू केली. पिवळा दिवा लागला नाही.

"आता दुसऱ्यात. पाय उचलू नका."

"खाली दरी आहे."

"दरी डोळ्याला दिसते, पायाला नाही. डोळे रस्त्यावर ठेवा, पायाला त्याचं काम करू द्या. मी मागेच आहे."

मी दुसऱ्यात टाकली. पुढच्या प्रत्येक वळणाला पाय उचलावासा वाटला आणि प्रत्येक वळणाला मार्थाने माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला, इंजेक्शन देताना रुग्णाचा हात धरतात तसा. "श्वास घे, शालू," ती म्हणत होती. "गाडी घेते आहे, तू पण घे." किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एकदम समोर रस्ता सपाट झाला, झाडं मागे पडली आणि टपरीपाशी चार-पाच जीप उभ्या दिसल्या, सगळ्या रिकाम्या, सगळ्या धडधडत.

मी त्यांच्या रांगेत गाडी लावली आणि चालू ठेवून खाली उतरले. लाल रुमालवाला मागून आला, माझ्याकडे बघून त्याने मान हलवली आणि चहा सांगितला. माझाही. पैसे देऊ दिले नाहीत. टपावरची म्हातारी उतरून गाडीपाशी आली, बॉनेटवर तळवा ठेवला, गरम लागला म्हणून चटकन उचलला आणि मार्थाला काहीतरी म्हणाली. त्या दोघी मग बराच वेळ बोलत बसल्या. म्हातारीच्या धाकट्या मुलीच्या जन्माला मार्था हजर होती.

धडगाव हे तालुक्याचं गाव आहे आणि तसंच दिसतं. कचेऱ्या, झेरॉक्सची दुकानं, दाखल्यांसाठी रांगा, आणि त्यांच्या मधूनच बाजार. आमचूर इथूनच घ्या, शहरातल्या पुडीत जे मिळतं त्याला आमचूर का म्हणतात हा प्रश्न पडेल. मार्थाचा जुना दवाखाना पाडून तिथे नवी इमारत झाली आहे. ती पायरीवर थोडा वेळ बसली. "खिडकी या बाजूला होती," एवढंच म्हणाली. बाजरीची भाकरी आणि झणझणीत कोंबडी खाऊन आम्ही परत फिरलो. उतरताना इंजिनाने धरून ठेवलं, ब्रेक फार लावावे लागले नाहीत.

पाचव्या दिवशी मार्थाला गावी सोडून, कोंडाईबारीचा घाट या वेळी चढून, घरी आले. तो तिसऱ्या गिअरमध्ये गेला. मुद्दाम सांगते, मागे धूर नव्हता.

रविवारी गिऱ्हाईक आलं. अनिरुद्धने त्याला येऊ नका म्हणून फोन केला नव्हता, करार विसरला असावा किंवा विसरायचा असावा. त्या गृहस्थांनी गाडी चालवून पाहिली आणि फार खूश झाले. लगेच घेतो म्हणाले. अनिरुद्धने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गाडी विकायची नाही, पण तुमची सध्याची डिझेल असेल तर ती थांबताक्षणी बंद करू नका, आणि त्यांना अर्धा तास का ते समजावलं. ते चहा न घेता गेले.

वर्कशॉपला मी दुसरं पत्र लिहिलं. चूक माझीही होती हे त्यात कबूल केलं, एका वाक्यात. बॉनेट न उघडण्याबद्दलचे चार परिच्छेद तसेच ठेवले.

काय राहिलं या प्रवासातलं, असं विचाराल तर तो टर्बोचा लटपटणारा दांडा. रशीदभाई म्हणाले, एक वर्ष की तीन. त्यांना माहीत नाही, मला नाही, आणि अनिरुद्धला तर मुळीच नाही. पूर्वी मी असं ऐकल्यावर गाडी झाकून ठेवली असती. आता आठवड्यातून एकदा तिला त्र्यंबकच्या रस्त्याला नेते आणि काटा तीन हजारांवर जाऊ देते. पहिल्या खेपेला अनिरुद्ध हट्टाने शेजारी बसला. दारावरची मूठ त्याने जाताना धरली ती परत येईपर्यंत सोडली नाही. "आई, हळू" असं तो एकदाही म्हणाला नाही.